सावजी ताटाशेजारी गोडसर लाम्ब्रुस्को

गोड वाइन जेवणानंतर मिठाईबरोबर घ्यायची असते, असा समज आपल्याकडे रूढ आहे. इटलीच्या एमिलिया-रोमान्या प्रांतातील लाल, गोडसर लाम्ब्रुस्कोच्या बाबतीत मात्र तो बाजूला ठेवावा आणि नागपुरात तरी ही बाटली सावजी मटणाच्या ताटाशेजारीच उघडावी, असे माझे ठाम मत आहे.

लाम्ब्रुस्को हे काळ्या द्राक्षांचे एक मोठे कूळ आहे. मोदेना आणि रेज्जो एमिलिया या शहरांच्या परिसरात पिकणाऱ्या सालामिनो, मारानी, माएस्त्री अशा त्याच्या जाती एकत्र करून, बऱ्याचदा गडद रंगासाठी आन्चेलोत्ता हे द्राक्ष मिसळून ही वाइन बनवतात. बंद टाकीत ती दुसऱ्यांदा आंबताना तयार होणारा वायू तिच्यातच राहतो आणि ही क्रिया थंडाव्याने मध्येच थांबवली की द्राक्षाची काही साखर शिल्लक राहते. बाटलीवर ‘अमाबिले’ असे लिहिले असेल, तर लिटरमागे साधारण ३० ते ५० ग्रॅम साखर समजावी. मद्यार्क मात्र जेमतेम ८ टक्के असतो.

सावजीशी तिचे जमते ते नेमके याच कारणांमुळे. काळ्या मसाल्याच्या तिखट रश्शावर १४ टक्क्यांची, तुरट लाल वाइन घेतली तर मद्यार्काने तिखटाची आग वाढते आणि तुरटपणा जिभेला झोंबतो. लाम्ब्रुस्कोची साखर ती आग शमवते, आंबटपणा आणि बारीक बुडबुडे तर्रीचा तेलकटपणा धुऊन काढतात आणि पुढच्या घासाला खसखस, दगडफूल, सुके खोबरे यांची चव पुन्हा स्वच्छ लागते. मोदेनाकडचे लोक हीच वाइन चरबीदार डुकराच्या मांसाबरोबर आणि पार्मिजानो चीजबरोबर घेतात, त्यामागचे कारणही वेगळे नाही. शाकाहारी मंडळींसाठी पाटोडीचा रस्सा हा तितकाच उत्तम जोडीदार आहे. किंबहुना बेसनाच्या खमंगपणामुळे वाइनमधला चेरी-स्ट्रॉबेरीसारखा वास मला तिथे अधिक खुललेला वाटला.

संत्रा बर्फीबरोबर मात्र ती घेऊ नये. पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की वाइन पातळ आणि आंबट लागते, आणि इथे तसेच होते. बर्फीच हवी असेल, तर इटलीच्याच तोस्काना प्रांतातील विन सान्तो ही सुकवलेल्या त्रेब्बियानो आणि माल्वाझिया द्राक्षांची दाट, गोड वाइन शोधावी.

लाम्ब्रुस्को १० ते १२ अंशांवर द्यावी. नागपुरी उन्हाळ्यात पेला पाहता पाहता कोमट होतो, म्हणून थोडी थोडी ओतावी आणि बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवावी. खरेदी करतानाही वातानुकूलित जागेत ठेवलेलीच बाटली घ्यावी, कारण उष्णतेने हिचा ताजेपणा सर्वांत आधी जातो आणि मुरंब्यासारखा शिजलेला वास येऊ लागतो. ही मुरवत ठेवण्याची वाइन नव्हे. एकदा उघडली की त्याच जेवणात संपवलेली बरी.

आयात शुल्कामुळे ती इथे महाग पडते आणि तेवढ्या पैशांत कोणी खोल, गंभीर चवीची अपेक्षा केली तर निराशा होईल. ज्यांना गोडवा मुळीच रुचत नाही, त्यांनी याच कुळातील ‘सेक्को’ लिहिलेली कोरडी बाटली मागावी, परंतु तिच्यासोबत रस्सा बेताच्या तिखटाचा करावा.