नवीन उपनगरात शिफ्ट झालात? 'स्ट्रीटकम्प्लीट' फोनमध्ये टाका आणि बाहेर पडा

आधीच सांगते, हे अ‍ॅप 'जवळपास काय करता येईल' हे सांगायला बनवलेलंच नाहीये. पण नवीन भागात राहायला गेलेल्या माणसाला याच्याइतकं उपयोगी दुसरं काही मला तरी सापडलं नाही, म्हणून एवढा मोठा रिव्ह्यू लिहितेय.

उपनगराचं कसं असतं, घरं एकीकडे, दुकानं दुसरीकडे, मैदान भलतीकडेच कुठल्यातरी वसाहतीच्या मागे आणि मधे मोठमोठे रस्ते. आपण गाडी काढतो, कामाला जातो, परत येतो, सामान घ्यायला तेच एक दुकान, आणि तेवढा एकच रस्ता पाठ होतो. सुट्टीच्या दिवशी मग वाटायला लागतं की इथे काहीच नाही. नेहमीच्या नकाशा अ‍ॅपवर 'जवळपास' शोधलं तर हॉटेलं, मॉल, जिम, सलून, म्हणजे जिथे पैसे खर्च होतात ती ठिकाणं आधी येतात, कारण तिथल्या मालकांनी स्वतः बसून वेळ, फोटो, फोन नंबर सगळं भरलेलं असतं. ओढ्याकाठच्या पायवाटेचं काय, सगळ्यांना खुल्या असलेल्या मैदानाचं काय, वरच्या रस्त्यावर नेणाऱ्या जिन्याचं काय, झाडाखालच्या बाकाचं काय? त्यांच्या वतीने माहिती भरायला कोणी बसलेलं नसतं. आणि खरं सांगायचं तर एखाद्या भागात जीव रमतो तो याच गोष्टींमुळे.

तर स्ट्रीटकम्प्लीट. अँड्रॉइडवर आहे, फुकट आहे, जाहिरात एकही नाही, कोड सगळ्यांना खुला आहे, प्ले स्टोअरवरही मिळतं आणि एफ-ड्रॉइड या खुल्या कोडच्या अ‍ॅप्सच्या स्टोअरवरही. टोबियास झ्विक नावाच्या डेव्हलपरने सुरू केलेलं हे अ‍ॅप आता बऱ्याच लोकांच्या हातभाराने चालतं. ओपनस्ट्रीटमॅप म्हणून जो लोकांनी मिळून बनवलेला जगाचा नकाशा आहे ना, स्टीव्ह कोस्टने २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू केलेला, त्या नकाशात तुमच्या आसपास जी माहिती अर्धवट आहे ती हे अ‍ॅप शोधतं आणि तुम्हाला प्रश्न विचारतं. बस, एवढंच काम. नकाशावर टाचण्यांसारख्या खुणा दिसतात, जवळ जायचं, खुणेवर बोट ठेवायचं, खालून प्रश्न वर येतो, डोळ्यांनी बघायचं आणि उत्तर द्यायचं.

प्रश्न कसले? या रस्त्यावर रात्री दिवे असतात का. या बाकाला पाठ टेकायला जागा आहे का. हा जिना कुठल्या बाजूने वर चढतो, पायऱ्या किती, कठडा आहे का. बसस्टॉपवर शेड आहे का. या मैदानावर कुठला खेळ खेळतात. या खेळाच्या जागेत कोणालाही जाता येतं का. वाचनालय किती ते किती उघडं असतं. व्हीलचेअर आत जाऊ शकते का. असे शंभरावर प्रकारचे प्रश्न आहेत.

एक उदाहरण नीट सांगते म्हणजे अंदाज येईल. रस्ता कशाचा आहे असा प्रश्न आला की खाली छोटे छोटे फोटो येतात, डांबर, काँक्रीट, पेव्हर ब्लॉक, खडी, माती वगैरे, पायाखाली बघायचं आणि जुळणाऱ्या फोटोवर टॅप करायचं. फूटपाथचा प्रश्न तर मला फार आवडतो, त्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंचं चित्र येतं आणि नकाशा जसा फिरवाल तसं तेही फिरतं, त्यामुळे डावी कुठली उजवी कुठली असा गोंधळ होत नाही, ज्या बाजूला फूटपाथ आहे तिथे टॅप करून सांगायचं. दोन-तीन टॅपमध्ये काम झालं आणि पुढच्या खुणेकडे चालायला लागायचं. तांत्रिक काहीच यावं लागत नाही, टॅग म्हणजे काय हे माहीत नसलं तरी अडत नाही, ते सगळं आतल्या आत होतं.

आता यातून करायला काही कसं सापडतं? नवीन जागी आपण नुसतं 'चक्कर मारून येऊ' म्हणून निघतो आणि पाचव्या मिनिटाला परत फिरतो, कारण कुठे वळायचं याला काही कारणच नसतं. हातात प्रश्न असला की कारण मिळतं. त्या टोकाच्या गल्लीत खूण दिसतेय म्हणून आपण वळतो, आणि गल्ली संपते तिथे बॅडमिंटनचं कोर्ट निघतं. मैदानाचा प्रश्न आहे म्हणून मैदानाच्या कडेला थांबून बघावं लागतं की इथे फुटबॉल चाललाय की व्हॉलीबॉल, आणि थांबलं की कोणीतरी विचारतंच, खेळायला येणार का. वाचनालयाच्या वेळा टाकायच्या म्हणून दारावरची पाटी वाचायला गेलं की शेजारचा सूचनाफलकही वाचून होतो, चित्रकलेचा वर्ग, ज्येष्ठांचा योग, मुलांच्या गोष्टींचा तास, असं जे काही चालू असतं ते बऱ्याचदा तिथेच लावलेलं असतं, इंटरनेटवर शोधून मिळत नाही. दुकानावर वेळेची पाटी नसेल तर आत जाऊन विचारावं लागतं, 'बंद किती वाजता करता?' आणि या एका प्रश्नावर नवीन माणसाला जेवढं बोलायला मिळतं तेवढं दुसऱ्या कशाने मिळत नाही, लाजाळू माणसाला तर फारच सोपं जातं कारण काय बोलायचं ते आधीच ठरलेलं असतं.

आणि एक, प्रश्न विचारतात म्हणून नजर बदलते. बाकाला पाठ आहे का बघता बघता कुठला बाक संध्याकाळी सावलीत असतो ते लक्षात राहतं. दिव्यांचे प्रश्न सोडवताना रात्री चालायला कुठला रस्ता बरा ते कळतं. घरात आजी-आजोबा किंवा बाबागाडीतलं बाळ असेल तर कठडा, रॅम्प, फूटपाथ ही माहिती आधी आपल्याच कामाची असते. सायकल चालवणाऱ्यांना कुठे डांबर संपून खडी लागते हे माहीत असणं किती गरजेचं आहे हे वेगळं सांगायला नको.

नवीन उपनगरातच हे जास्त का चालतं त्यालाही कारण आहे. ओपनस्ट्रीटमॅपवर पुष्कळ काम सॅटेलाइट फोटो बघून होतं, लांब बसलेला माणूस छपरं आणि रस्ते बघून रेषा आखतो. पण फोटोत दुकानाचं नाव दिसत नाही, वेळ दिसत नाही, झाडाखालचा बाक दिसत नाही, घर नंबर दिसत नाही. त्यात फोटो जुना असेल तर नव्या वसाहतीच्या जागी अजून मोकळं रानच दिसतं. जुन्या शहराच्या मध्यभागी वर्षानुवर्षं मॅपिंग करणारे लोक असतात म्हणून तिथे बरंच भरलेलं असतं, कडेच्या भागात मात्र कोरं. म्हणजे तुम्ही काल राहायला आलात तरी तुमच्या उत्तराला पहिल्या दिवसापासून किंमत आहे. नवीन जागी आपण सारखे दुसऱ्यांनाच विचारत असतो, इथे उलट आपण काहीतरी देतो, आणि याचं मला फार अप्रूप आहे, मनापासून सांगते.

ही उत्तरं जातात कुठे? थेट नकाशात. ओपनस्ट्रीटमॅपच्या वेबसाइटवर थोड्या वेळात बदल दिसतो, याच नकाशावर चालणाऱ्या ऑरगॅनिक मॅप्स किंवा ऑसमँडसारख्या अ‍ॅपमध्ये नकाशाचं नवं अपडेट आलं की दिसतो. व्हीलमॅप नावाची साइट व्हीलचेअरवाल्यांना कुठे जाता येईल ते दाखवते, तीही याच माहितीवर. म्हणजे तुम्ही दिलेलं उत्तर उद्या कोणाला तरी खरंच उपयोगी पडतं.

आता जे पटलं नाही तेही लिहिते. यात नवीन रस्ता आखता येत नाही. नव्या उपनगरात रस्तेच नवे असतात त्यामुळे ही अडचण जाणवते. त्यावर उपाय असा की त्या जागी एक नोंद टाकायची, फोटो जोडायचा, चालत गेलेल्या वाटेचा जीपीएस मागही नोंदीला जोडता येतो, मग दुसरा कोणी मॅपर ती आखतो. पण वाट बघावी लागते. घाई असेल तर घरी कॉम्प्युटरवर ओपनस्ट्रीटमॅपच्याच साइटवर आयडी नावाचा एडिटर आहे, त्यात स्वतः आखायला शिका, अवघड नाही. फक्त दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून बघून काही उतरवायचं नाही, तो पक्का नियम आहे, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं किंवा परवानगी असलेल्या फोटोंवरून आखलेलं एवढंच चालतं.

दुसरं म्हणजे इमारतींचे प्रश्न. मजले किती, छप्पर कसल्या आकाराचं, हे सुरुवातीला एवढे येतात की नवीन माणूस कंटाळून अ‍ॅप काढून टाकेल. तसं करू नका, सेटिंगमध्ये जाऊन प्रश्नांची यादी उघडा आणि नको ते बंद करा. मी इमारती बंद करून मैदानं, बाक, जिने, पायवाटा, वेळा एवढंच वर ठेवलं आणि तेव्हापासून फिरायला खरी मजा यायला लागली. वेगवेगळे संच करून ठेवता येतात, दिवसा एक, रात्री दिव्यांचा वेगळा.

अकाउंट लागतं, ओपनस्ट्रीटमॅपचं, तेही फुकट. पण इथे एक गोष्ट नीट वाचा. तुमचे सगळे बदल तुमच्या युजरनेमसकट सगळ्यांना दिसतात, तारीख-वेळेसह. घराभोवतीच रोज उत्तरं दिलीत तर तुम्ही कुठे राहता याचा अंदाज कोणालाही येऊ शकतो. त्यामुळे खरं नाव घेऊ नका, आणि सुरुवात स्वतःच्या गल्लीपासून न करता जरा लांबून करा. एकट्याने राहणाऱ्यांनी तर नक्की. अ‍ॅपच्या माहितीत हे ठळक लिहायला हवं असं माझं मत.

रस्ता ओलांडताना फोन खिशात, हे सांगायला नको पण सांगतेच. एका जागी थांबून उत्तर द्यायचं, मग चालायचं. लांब बसून अंदाजाने उत्तरं द्यायची सवय लागू नये म्हणून अ‍ॅप स्वतःच विचारतं की तुम्ही जागेवर जाऊन बघितलंत का, ते मला आवडलं. चुकून भलतं टॅप झालं तर मागे घ्यायचं बटण आहे. खात्री नसेल तर तो प्रश्न लपवा किंवा नोंद टाका, ठोकून द्यायचं नाही, कारण उद्या त्या उत्तरावर विश्वास ठेवून कोणीतरी व्हीलचेअर घेऊन तिथपर्यंत जाईल.

नेट नसलं तरी चालतं, तो भाग आधी डाउनलोड करून ठेवायचा आणि घरी आल्यावर उत्तरं अपलोड होतात. उत्तरं वाढतील तसा आकडा वाढतो, मधेमधे बक्षीस म्हणून ओपनस्ट्रीटमॅपशी संबंधित दुसऱ्या प्रकल्पांच्या लिंक उघडतात, ते छान वाटतं पण मी आकड्यासाठी वापरत नाही.

लोक भेटतात का, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. अ‍ॅपमध्ये गप्पा मारायची सोय नाही. पण ओपनस्ट्रीटमॅपच्या प्रोफाइलमध्ये ठिकाण टाकलं तर जवळपासचे मॅपर दिसतात (घराऐवजी लांबचा एखादा चौक टाका), त्यांना मेसेज करता येतो, आणि बऱ्याच ठिकाणी मॅपर मंडळी एकत्र जमून मॅपिंग पार्टी करतात, एका दिवसात एक भाग वाटून घेऊन चालायचा. स्ट्रीटकम्प्लीटमध्ये टीम मोडही आहे, त्यात सगळ्यांना वेगवेगळे प्रश्न दिसतात म्हणजे एकच काम दोघांनी होत नाही. घरातली मुलं घेऊन निघालात तर हे फार जमतं, एकाला पायऱ्या मोजायला सांगायच्या, दुसऱ्याला बाक शोधायला.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो नवीन रस्ते आखता येत नाहीत म्हणून आणि ती युजरनेमची गोष्ट ठळक सांगायला हवी म्हणून.

आयफोनवाल्यांनो, तुम्ही 'एव्हरी डोअर' बघा, तेही फुकट आहे आणि अँड्रॉइड-आयफोन दोन्हीवर चालतं. त्यात प्रश्न विचारत नाहीत, तुम्ही उभे आहात त्याच्या आसपासच्या दुकानांची आणि सोयींची यादी येते आणि ती आपण तपासायची, नसेल ते नवीन टाकायचं. दुकानांच्या रांगेसाठी तेच जास्त सोपं पडतं. पायवाटा आणि मैदानांसाठी मात्र मी स्ट्रीटकम्प्लीटच म्हणेन. कोणी नव्याने सुरू करणार असेल तर पहिल्या दिवशी फक्त दोनच प्रकारचे प्रश्न चालू ठेवा, मैदानावर कुठला खेळ आणि वेळा काय, आणि शक्यतो संध्याकाळी निघा, तेव्हा मैदानावर माणसं असतात.