सहा कोंबड्यांसाठीही लस देणारे दुकान

मानमोडी म्हणजे राणीखेत, हा कोंबड्यांचा जीवघेणा रोग. त्याच्या लसीची जी कुपी आमच्याकडे मिळते ती शंभर पक्ष्यांची असते, आणि एकदा का ती विद्रावकात, म्हणजे सोबतच्या पातळ द्रवात, मिसळली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. ज्याच्या शेडमध्ये पाच हजार पक्षी आहेत त्याला यात काहीच अडचण नाही. माझ्या परसात मात्र सहाच कोंबड्या आहेत. सहा कोंबड्यांसाठी शंभर मात्रांची कुपी घ्यायची, ती बर्फात ठेवून घरी आणायची, टोचणारा माणूस शोधायचा आणि उरलेल्या चौऱ्याण्णव मात्रा टाकून द्यायच्या, एवढा खटाटोप सहसा कोणी करत नाही. त्यामुळे परसातल्या कोंबड्या बिनलसीच्या राहतात आणि एखाद्या उन्हाळ्यात अख्ख्या आळीतली खुराडी रिकामी होतात. सांगलीत ही अडचण ओळखून तिच्यावर साधा उपाय काढणारे एक दुकान आहे. गेली तीन वर्षे मी तिथे नियमित जाते, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

विश्रामबागेकडून मिरजेकडे जाताना मुख्य रस्ता सोडून आत वळले की हे दुकान लागते. पाटीवर नुसते ‘पशुखाद्य व औषधे’ एवढेच लिहिले आहे. पुढच्या बाजूला सरकी पेंड, गोळी पेंड आणि मका भरड्याची पोती आहेत. गिऱ्हाईक बहुतेक गायी-म्हशींचे. आतल्या खोलीत फक्त लसींसाठी ठेवलेला वेगळा फ्रीज आहे. त्याच्या दारावर तापमापक लावलेला असून सकाळ-संध्याकाळचे आकडे शेजारच्या वहीत लिहिलेले असतात. लस 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्येच टिकते, हे सर्वांना ठाऊक असते. पण त्याची रोज नोंद ठेवणारा दुकानदार मी दुसरा पाहिलेला नाही.

हे माझ्या मनाला इतके का लागते, ते सांगायला हवे. चार वर्षांपूर्वी मे महिन्यात मी शहरातल्याच एका दुसऱ्या दुकानातून लस आणली होती. ती मला साध्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिली गेली, आणि मीही अजाणतेपणी तशीच ती उन्हातून घरी आणली. कोंबड्यांना लस टोचली म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो. महिन्याभरातच एक कोंबडी पंख ढिले सोडून कोपऱ्यात बसली, हिरवट पांढरे हगू लागली आणि तिसऱ्या दिवशी तिची मान उलटी पिळवटली. पाचांपैकी चार कोंबड्या आठवड्याभरात गेल्या. त्या चौघींना एकामागून एक पुरताना माझ्या सासूबाई अंगणात उभ्या होत्या, आणि त्यानंतर कितीतरी दिवस संध्याकाळी कोंबड्या झाकायच्या वेळेला त्यांचे पाय आपोआप खुराड्याकडे वळत. पुन्हा कोंबड्या आणायच्या की नाही, यावर घरात बरीच चर्चा झाली. अखेर आणल्या, पण लस कुठून घ्यायची हे आधी ठरवून मगच आणल्या.

या दुकानात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी लसीकरण असते. आदल्या गुरुवारपर्यंत आपल्या पक्ष्यांची संख्या आणि वय कळवायचे असते. एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक ठरलेल्या वेळी येतात, सगळी घरे आल्याशिवाय कुपी फोडत नाहीत, आणि फोडल्यावर भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून वेळ खडूने दारावर लिहितात. तलंगांना, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्यांना, आठव्या आठवड्याच्या सुमारास आर टू बी ही मानमोडीची लस पंखाच्या बुडाशी कातडीखाली टोचली जाते. माझी राखी रंगाची तलंग पहिल्यांदा नेली तेव्हा त्यांनी तिला उताणी न करता आपल्या काखेत धरले, एक पंख पंख्यासारखा उलगडला, पिसे फुंकरीने बाजूला केली आणि चिमटीत कातडी धरून सुई आत सरकवली. तिने एकदाच डोळा मिटला. अंड्यावर आलेल्या कोंबड्यांना मात्र ते ही लस टोचत नाहीत, कारण ती जोरकस असल्यामुळे अंडी काही दिवस कमी होतात. त्यांच्यासाठी लासोटा या मानमोडीच्याच सौम्य लसीचा एक थेंब डोळ्यात सोडला जातो आणि कोंबडीने पापणी हलवून तो आत घेतल्याची खात्री झाल्यावरच तिला खाली ठेवले जाते. प्रत्येक घराला एक कार्ड मिळते. त्यावर पक्ष्यांची संख्या, दिलेली लस आणि पुढची तारीख लिहिलेली असते. पक्ष्यामागे दहा रुपये घेतात.

दुकानाचे मालक आम्हां सर्वांचे काका आहेत. नाव नोंदवतानाच ते विचारतात, “वहिनी, जंताचं औषध दिलं का आठवडाभर आधी?” दिले नसेल तर नाव पुढच्या महिन्यात ढकलतात, कारण पोटात जंत असलेल्या पक्ष्याच्या अंगी लस नीट लागत नाही. मलूल पक्षी तर ते पायरीही चढू देत नाहीत. एकदा एका गृहस्थांनी शिंकणारी कोंबडी डालग्यात घालून आणली होती. त्यांना आदरपूर्वक पण ठामपणे बाहेरूनच परत पाठवले आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचा रस्ता दाखवला.

या व्यवस्थेबद्दल माझा एक आक्षेप आहे आणि तो मी काकांना समोरासमोर सांगितला आहे. आठ-दहा घरांच्या कोंबड्या एकाच अंगणात आणणे हाच मुळात रोग पसरवण्याचा मार्ग होऊ शकतो. ज्या महाराष्ट्राने फेब्रुवारी 2006 मध्ये नवापूरचा बर्ड फ्लू पाहिला आहे, तिथे तरी ही गोष्ट सहज घेता येणार नाही. दुकानात त्यासाठी काही काळजी घेतली जाते: प्रत्येक घराची टोपली वेगळ्या जागी ठेवतात, दर घराला सुई बदलतात, आणि काम झाले की अंगण धुऊन चुना मारतात. मीही घरी आल्यावर चपला बाहेर ठेवते, हात धुते आणि टोपली दिवसभर उन्हात वाळवते. तरीसुद्धा कुपी बर्फाच्या डब्यात घेऊन पर्यवेक्षकांनीच एका गल्लीतली घरे दोन तासांत फिरून करावीत, हे अधिक सुरक्षित होईल असे माझे मत आहे. पावसाळ्यानंतर एक-दोन गल्ल्यांत तसे करून पाहण्याचे काकांनी मान्य केले आहे.

खाद्याच्या बाबतीत मात्र मला एकही उणीव सांगता येत नाही. बहुतेक ठिकाणी कोंबडी खाद्य पन्नास किलोच्या पोत्यातच मिळते. सहा कोंबड्यांना दिवसाला साधारण सातशे ग्रॅम खाद्य पुरते, म्हणजे एक पोते दोन महिन्यांहून अधिक काळ घरात पडून राहते, आणि सांगलीच्या पावसाळी हवेत त्याला बुरशी धरायला तेवढा काळ पुरेसा असतो. इथे हवे तर दोन किलो खाद्यही तोलून मिळते. पण तोलण्याआधी पिल्ले किती आठवड्यांची आहेत हे विचारले जाते. मी सुरुवातीला सर्वांना एकच म्हणून अंड्यावरच्या कोंबड्यांचे खाद्य मागितले, तेव्हा काकांच्या सूनबाईंनी ते देण्यास नकार दिला. त्या खाद्यात कवचासाठी कॅल्शियम भरपूर घातलेले असते, आणि अंड्यावर न आलेल्या तलंगांच्या मूत्रपिंडांना ते बाधते, हे त्यांनी मला समजावून सांगितले. तलंगांसाठी वाढीचे खाद्य आणि मोठ्यांसाठी तेच खाद्य अधिक वेगळ्या वाडग्यात शिंपल्याचा चुरा, असा मार्ग त्यांनी सुचवला. ज्या कोंबडीला गरज असते ती चुरा आपणहून टिपते, बाकीच्या त्याकडे पाहतही नाहीत. माझी एक तांबडी कोंबडी तेव्हा मऊ कवचाची अंडी घालत होती. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जाते आणि ते खाण्यातून मिळाले नाही तर कोंबडी आपल्या हाडांतून काढून देते, हे कळल्यावर तिच्याकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली. तीन आठवड्यांत तिची अंडी पुन्हा टणक झाली.

मक्याचे पोते उघडण्याची काकांची एक पद्धत आहे. ते कोपरापर्यंत हात आत घालून तळातली मूठ बाहेर काढतात, ती घट्ट दाबून सोडतात आणि नाकाशी नेतात. दाणे एकमेकांना चिकटले किंवा कुबट वास आला तर ते पोते कोंबड्यांसाठी विकत नाहीत, कारण बुरशीच्या विषाने कोंबडीचे यकृत जाते आणि वरून तिचे काहीच दिसत नाही. गेल्या ऑगस्टमध्ये माझ्या समोर त्यांनी असे एक पोते व्यापाऱ्याला परत पाठवले.

औषधांच्या बाबतीत दुकानाची शिस्त काहींना जाचक वाटेल. प्रतिजैविकाची पुडी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. “औषध दिल्यावर अंडी किती दिवस खायची नाहीत, ते मी कसं सांगणार? डॉक्टरांना विचारून या,” असे काका म्हणतात आणि विषय संपवतात. पावसाळ्यात ओल्या तुसामुळे पिल्लांना रक्ती हगवण लागली तेव्हा मी घाबरून गेले होते. त्या वेळीही त्यांनी मला आधी विष्ठा घेऊन दवाखान्यात पाठवले, आणि डॉक्टरांनी अँप्रोलियम हे त्यावरचे औषध लिहून दिल्यावर ते पाण्यात कसे मिसळायचे, ते पाणी रोज नवे का करायचे आणि तूस किती दिवसांनी पालटायचे हे सविस्तर सांगितले. चिठ्ठी न लागणाऱ्या गोष्टी मात्र ते आपणहून सांगतात. रात्री आठ-नऊ वाजता खुराड्यातल्या दांड्याखालून पांढरे फडके फिरवून पाहा, हा सल्ला त्यांचाच आहे. माझ्या फडक्यावर रक्ताचे लाल ओरखडे उमटले, आणि दिवसा फटींत दडणारे तांबडे माइट (गोचिडीसारखे बारीक किडे) रात्री कोंबड्यांचे रक्त पितात हे तेव्हा मला प्रथम कळले. आमच्या कोंबड्या काही दिवस संध्याकाळी आत जायला का कुरकुरत होत्या, याचाही उलगडा झाला. फटी बुजवून, खुराडे रिकामे करून फवारणी केली आणि परसात राख-माती मिसळलेला खड्डा करून दिला, तेव्हापासून त्या कुरकुरत नाहीत.

आता सासूबाईंविषयी लिहिते, कारण हे दुकान मला जवळचे वाटण्याचे मोठे कारण त्या आहेत. दोन वर्षांपूर्वी पडल्यामुळे त्यांचे चालणे कमी झाले असून दुपारचा बराच वेळ त्या मागच्या पडवीत खुर्चीवर बसून काढतात. ठिपक्यांची एक कोंबडी रोज तीनच्या सुमारास येऊन त्यांच्या पायाशी अंग फुलवून बसते, आणि त्या तिच्याशी माहेरच्या गोष्टी बोलतात. गेल्या हिवाळ्यात त्यांनीच प्रथम ओळखले की ती उजवा पाय टेकवत नाही. उचलून पाहिले तर तळव्यावर काळी खपली आणि तिच्याभोवती सूज होती. मी तिचे छायाचित्र दुकानात दाखवले. सूनबाईंनी विकण्यासारखे काही पुढे न करता एवढेच विचारले, की कोंबडी रात्री कशावर बसते? आमच्या दांड्याला कडा होत्या आणि तो उंच होता. उडी मारताना तळव्याला जखम होऊन त्यात घाण शिरली होती. कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवणे, पोव्हिडोन आयोडीन लावणे, सूज वाढली तर डॉक्टरांकडून ती फोडून घेणे, आणि सर्वांत आधी दांडा गोल व बुटका करणे, असे त्यांनी सांगितले. पंधरा दिवस सासूबाईंनी त्या कोंबडीला मांडीवर घेऊन तिचा पाय वाडग्यात धरला. बोटे थरथरत असतानाही त्यांनी हे काम दुसऱ्या कोणाला करू दिले नाही, आणि कोंबडीही चोच त्यांच्या पदरात खुपसून स्वस्थ बसून राहत असे. आता मी दुकानात गेले की सूनबाई आधी “आजींची ठिपकी कशी आहे?” असे विचारतात आणि मग पिशवी मागतात.

उणिवा थोडक्यात सांगते. दुकान दुपारी एक ते चार बंद असते. गायी-म्हशीवाले शेतकरी सकाळी गर्दी करतात, तेव्हा दोन किलोच्या गिऱ्हाइकाला थांबावे लागते. कोंबड्यांच्या देवी रोगाची लस इथे नेहमी नसते, ती आधी सांगून मागवावी लागते. खाद्याचा दर किलोमागे पोत्याच्या भावापेक्षा तीन-चार रुपये जास्त पडतो, तो मला योग्य वाटतो.

गेल्या रविवारी नऊ घरे मिळून एकेचाळीस कोंबड्यांच्या डोळ्यांत थेंब पडला, आणि दोन तास उलटल्यावर उरलेली लस पर्यवेक्षकांनी उकळून ओतून टाकली. म्हणजे त्याच कुपीत आणखी एकोणसाठ कोंबड्यांची सोय झाली असती. विश्रामबाग, कुपवाड किंवा मिरजेत ज्यांच्या परसात चार-पाच पक्षी आहेत त्यांनी पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारआधी, गुरुवारपर्यंत, दुकानात संख्या आणि वय कळवावे. येताना कोंबड्या झाकलेल्या टोपलीत आणाव्यात, आणि जंताचे औषध आधीच्या आठवड्यात दिलेले असावे.