नौपाड्यातलं कॅमेरा रेंटल, विमानाने शूटला जाणाऱ्यांसाठी ५ पैकी साडेचार स्टार

मी लग्नाचे व्हिडिओ करते, राहते ठाण्यातच. मागच्या महिन्यात उदयपूरचं काम होतं म्हणून नौपाड्यातल्या या रेंटलवाल्यांकडे पहिल्यांदा गेले. पहिल्या मजल्यावर आहे, बोर्ड पटकन दिसत नाही, खाली विचारावं लागतं.

मी लाइटसाठी १५० वॉट-अवरच्या (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) दोन व्ही-माउंट, म्हणजे लाइटला मागून अडकवायच्या मोठ्या बॅटऱ्या, मागितल्या तर दादांनी आधी विचारलं, "ताई, गाडीने की फ्लाइटने?" फ्लाइट म्हटल्यावर सरळ म्हणाले की १०० च्या वरच्या बॅटरीला एअरलाइनची परवानगी आधी लागते, तीही जास्तीत जास्त दोनच, आणि १६० च्या वरची तर नेताच येत नाही, त्यापेक्षा ९८ वाल्या घ्या. भाडं कमी मिळणार होतं त्यांना, तरी सांगितलं. हिशोबही करून दाखवला, १४.४ व्होल्ट गुणिले ६.८ अँपिअर-अवर म्हणजे ९८ वॉट-अवर. माझी २०००० एमएएचची, म्हणजे २० अँपिअर-अवरची, पॉवर बँक ३.७ व्होल्टने ७४ येते, ती चालते.

याआधी दुसऱ्या एका ठिकाणाहून घेतलेल्या बॅटरीवरचा आकडाच पुसलेला होता, सिक्युरिटीत ती काढून घेतली आणि दुकानदाराने माझं डिपॉझिट कापलं, अजून राग येतो. इथे प्रत्येक बॅटरीवर वॉट-अवर स्वच्छ वाचता येतो, कॉन्टॅक्टवर टेप, प्रत्येकीला वेगळा पाउच. कॅमेऱ्याची एक बॅटरी त्यांनी टेबलावर ठेवून बोटाने फिरवली, ती गरकन फिरली म्हणजे पोट फुगलेलं, लगेच बाजूला काढली. मला तर नुसतं बघून कळलंच नसतं!

सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत अजिबात टाकू नका, प्लीज. विमानाच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यात आग विझवायला असलेला गॅस ज्वाळा दाबतो पण बॅटरीच्या आतली उष्णता एका सेलमधून दुसऱ्यात जातच राहते. केबिनमध्ये निदान धूर दिसतो, क्रू पाणी ओतून ती थंड करू शकतो. २८ जानेवारी २०२५ ला कोरियात एअर बुसानच्या विमानात उड्डाणाआधीच मागच्या वरच्या कप्प्यात आग लागली, तपासात पॉवर बँकवरच संशय आला, आतले १७६ जण बाहेर पडले पण विमान जळालं. तेव्हापासून मी पाउच वर ठेवतच नाही, पायाशी ठेवते.

येताना विमान भरलेलं, गेटवर माझी केबिन बॅग खाली टाकायला घेतली. पाउच वेगळे होते म्हणून उभ्या उभ्या अर्ध्या मिनिटात काढून पर्समध्ये घेतले, आणि हे पॅकिंग दादांचं होतं, माझं नाही.

अर्धा स्टार कापला कारण रविवारी बंद असतं आणि डिपॉझिट परत यायला चार दिवस लागले. रविवारचं शूट असेल तर शनिवारी संध्याकाळीच सामान उचला.