व्हायटन म्हणून गळ्यात मारलेली तपकिरी ऑइल सीलं

यामाहा आरएक्स १०० या टू-स्ट्रोक मोटरसायकलचं इंजिन बांधायला काढलं असेल आणि क्रँकची सीलं (इंजिनातल्या फिरत्या दांड्याभोवतीच्या रबरी कड्या) शोधत असाल, तर हे वाचून मगच दुकानात जा. या गाडीचं उत्पादन १९९६ मध्येच थांबलं. सुटे भाग अजून मिळतात; त्यातले खरे किती, हा वेगळा प्रश्न.

ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानात मी साधी काळी, म्हणजे नायट्रिल रबराची सीलं मागितली. दुकानदाराने पेट्रोलचा विषय काढला. "साहेब, आता सगळीकडे ई-२०. साधं रबर फुगतं. व्हायटन न्या, परत इंजिन खोलायला नको." फसवणुकीची खुबी इथेच आहे, कारण यात धडधडीत खोटं काही नव्हतं. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतंच, आणि नायट्रिलपेक्षा व्हायटन हे खास रबर उष्णता जास्त सोसतं. त्याने तपकिरी जोडी पुढे केली. भाव काळ्याच्या चौपट, पाकिटावर चकचकीत होलोग्राम. पक्कं बिल मागितलं तर "जीएसटी वर लागेल" म्हणत चिठ्ठीवर आकडा खरडून दिला.

टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये (क्रँकभोवतीच्या बंद पेटीत) येऊन दाबलं जातं, म्हणून तिथली सीलं नुसतं तेल अडवत नाहीत. मॅग्नेटच्या (वीज तयार करणाऱ्या भागाच्या) बाजूचं गेलं तर बाहेरची हवा आत शिरते, मूठ सोडली तरी इंजिन रेस राहतं, आणि तसंच चालवलं तर पिस्टन जाम. क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअर ऑइल आत ओढलं जाऊन जळतं. माझं हे दुसरं झालं. घोडबंदर रोडला मागे पांढरा धूर. मेकॅनिकला आधी टूटी ऑइलचा (पेट्रोलसोबत जळणाऱ्या टू-स्ट्रोक तेलाचा) पंप जास्त सोडतोय असं वाटलं. गिअर ऑइल काढून मोजलं, ते कमी भरलं, तेव्हा उलगडा झाला. मजुरी पुन्हा, गॅस्केट पुन्हा.

काढलेलं सील वागळे इस्टेटमधल्या एका सील-बेअरिंगवाल्या काकांना दाखवलं. ओठ, म्हणजे दांड्याला टेकणारी कड, कडक होऊन चिरलेला. त्यांनी रबराचा कण चिमट्यात धरून दुकानाबाहेर पेटवला. ज्योत बाजूला केली तरी तो काजळी सोडत जळत राहिला. "व्हायटन असतं तर विझलं असतं. हे नायट्रिलच, वर रंग तपकिरी." (घरी करू नका, खरं व्हायटन तापलं की विषारी वायू सोडतं.)

रंगावर आणि पाकिटावर जाऊ नका. आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी आणि बनवणाऱ्याचं नाव सीलवरच उठवलेलं असतं. जुनं सील सोबत नेऊन आकडे जुळवा. माझ्या सीलवर नुसते आकडे होते, नाव नव्हतंच. व्हायटनचा हट्टही नको, चांगल्या कंपनीचं नायट्रिल या इंजिनाला चालतं.

परत करायला गेलो तर "फिट केलेला माल घेत नाही", आणि चिठ्ठीवर दुकानाचं नावसुद्धा नाही. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. बिल नाकारणं हीच कायद्याने अनुचित व्यापार पद्धत ठरते, त्यामुळे तक्रार करताना तेही सांगा.