आधी सबमीटर बघा, मग हॉल: बडोद्यातल्या शेअरिंग फ्लॅटचा अनुभव

निझामपुऱ्यात पहिल्या मजल्यावर थ्री बीएचके, राहणाऱ्या आम्ही तिघी, खाली मालक. दिवाळीनंतर राहायला आले तेव्हा ऑफिसातल्या प्रत्येकीला सांगत होते की असं घर मिळालं तर डोळे झाकून घ्या. मे महिन्याचं वीजबिल आलं आणि ते सांगणं बंद झालं.

मालक काका दर दोन महिन्यांनी सबमीटरचं, म्हणजे आमच्या मजल्यासाठी लावलेल्या वेगळ्या मीटरचं, रीडिंग वहीत टिपतात आणि 12 रुपयांनी गुणतात. वर बाहेर 42 डिग्री, एसी लागणारच, त्यामुळे पहिल्यांदा आम्ही एकमेकींवरच घसरलो. एकीची नाइट शिफ्ट, ती दिवसभर एसी लावून झोपते. दीड टनाचा एसी तासाला साधारण एक-दीड युनिट ओढतो. तिचे तास धरून हिशेब केला, तरी बिल जुळेना.

मग एका रविवारी घरातले सगळे एमसीबी, म्हणजे बोर्डावरचे मेन स्विच, पाडले आणि जिन्यातल्या सबमीटरसमोर जाऊन उभी राहिले. त्यावर 3200 इम्प/केडब्ल्यूएच छापलंय, म्हणजे लाल दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. घरात पंखासुद्धा बंद, आणि दिवा आपला टकटक, टकटक चालूच! खाली काकांनी टाकीची मोटर लावली होती. ती बंद झाली तसा दिवा थांबला. एक एचपीची मोटर तासाला पाऊण युनिटच्या वर खाते. पाणी दोन्ही मजल्यांना आणि मीटर फक्त आमचं.

काकांचं उत्तर, "बेटा, मोटर तो सबकी है." सबकी है तर बिल सबका का नाही, हे विचारल्यावर ते थोडे तापले, मीही तापले. शेवटी वीज कंपनीचं, एमजीव्हीसीएलचं, मूळ बिल दाखवा म्हणून हटून बसले. एकूण रकमेला युनिटांनी भागलं तर दर 12च्या बराच खाली. स्लॅब वर चढतो, त्यावर इंधन अधिभार आणि वीजशुल्क लागतं, सगळं मान्य. पण तरी 12 होत नाहीत ना!

इथे मत थोडं बदलावं लागतंय. दांडिया बाजारातून आलेले इलेक्ट्रिशियन भाऊ बोर्ड उघडून म्हणाले, "ताई, हे आधी एकच घर होतं. नंतर दोन भाग केले, मोटरची वायर तशीच राहिली." म्हणजे काकांनी मुद्दाम केलं नव्हतं. वायर बदलायचा खर्च त्यांनी केला आणि मोटरचे पैसे भाड्यातून वळतेही केले. 12चा दर मात्र 10वर येऊन अडला. याला मी लबाडीच म्हणेन, गोड बोलून केलेली.

बाकी घर खरंच चांगलं आहे. पाइपचा गॅस आहे, सिलिंडरसाठी कुणाला घरी थांबावं लागत नाही, आणि तिघींत गॅसचं बिल इतकं किरकोळ येतं की भांडायला विषयच उरत नाही. मांसाहार चालणार नाही हे आधीच सांगितलं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. नवरात्रात गेट रात्री किती वाजता बंद होणार हे मात्र घर घेण्याआधी विचारून ठेवा. गरब्याहून परतल्यावर मालकांना फोन करून उठवणं फार वाईट दिसतं.

तळमजला घेणार असाल तर 2024च्या ऑगस्टमध्ये पाणी कुठवर आलं होतं, हे मालकाला नाही, शेजारच्या किराणावाल्याला विचारा. तेव्हा विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली होती. समा, फतेगंजच्या काही सोसायट्यांत भिंतीवर अजून डाग दिसतो. स्कूटर कुठे उभी राहणार, तेही तेव्हाच बघून घ्या.

करार 11 महिन्यांचाच असतो, कारण वर्षाच्या पुढे गेला की नोंदणी सक्तीची होते. त्यात तिघींची नावं घाला. आमच्यात सुरुवातीला एकीचंच नाव होतं. ती उद्या बदली होऊन गेली असती, तर आम्ही दोघी कागदावर कुणीच नव्हतो. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती दिल्याची प्रतही मागून घ्या. अनामत रकमेबद्दल 2021च्या आदर्श भाडेकरू कायद्यात दोन महिन्यांची मर्यादा आहे, पण राज्याने तो स्वीकारला तरच लागू, त्यामुळे मालकाशी त्यावर वाद घालत बसू नका. त्यापेक्षा पहिल्याच दिवशी भिंतींचे फोटो काढून त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवा, म्हणजे निघताना रंगाचे पैसे कापायला तोंड राहत नाही.

नाइट शिफ्टवालीच्या एसीला आता प्लगमध्ये लावायचा छोटा मीटर बसवलाय, हजाराच्या आत मिळाला. पैसे तिनेच भरले, कुरकुरत. या घराला मी पाचपैकी साडेतीन तारे देते. काका 8 रुपयांवर आले तर चार करेन.