ऑनलाइन समुपदेशनाच्या नावाखाली झालेली फसवणूक: पैसे भरण्याआधी नोंदणी क्रमांक मागा

मी चंदगड तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. मध्येच छाती धडधडणे, हातापायांना घाम फुटणे, वर्गात उभे राहणेही अशक्य वाटणे असा त्रास सुरू झाल्यावर बेळगावच्या मनोविकारतज्ज्ञांनी मला चिंता कमी करणारी एस्सिटालोप्राम ही गोळी दिली आणि जोडीला आठवड्यातून एकदा समुपदेशन घेण्यास सुचवले. दर आठवड्याला शाळा सोडून बेळगाव गाठणे जमणारे नव्हते, म्हणून मी ऑनलाइन समुपदेशनाची सेवा घेतली. दूरस्थ उपचार हा मार्ग मुळात चुकीचा नाही, हे आधीच स्पष्ट करते. केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली तेव्हापासून डॉक्टरांच्या अशा सल्ल्याला निश्चित चौकट आहे, आणि आमच्यासारख्या दूरच्या तालुक्यांतील माणसांना तिचा खरा उपयोग होतो. म्हणूनच या सोयीच्या आडून चालणारी लबाडी मला अधिक संतापजनक वाटते.

फेसबुकवरील जाहिरातीतून ‘मोफत मानसिक आरोग्य चाचणी’ उघडली. प्रश्न ओळखीचे होते, कारण चिंतेची तीव्रता मोजण्यासाठी डॉक्टर वापरतात त्या सात प्रश्नांच्या जीएडी-७ प्रश्नावलीवरूनच ते उचललेले होते. त्या मूळ प्रश्नावलीत ० ते २१ गुण असतात आणि १५ पासून पुढे त्रास तीव्र मानला जातो. इथे मात्र गुण दाखवलेच नाहीत, लाल अक्षरांत फक्त ‘तीव्र’ एवढा निकाल आला. पुढे शंका आल्यावर माझ्या बहिणीने तीच चाचणी दिली आणि प्रत्येक प्रश्नाला ‘अजिबात नाही’ असे उत्तर दिले, तरी तिलाही ‘तीव्र’ हाच निकाल मिळाला. माणसाला घाबरवून ग्राहक करण्यासाठीच ती चाचणी होती, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

निकाल येताच ‘केअर मॅनेजर’ म्हणवणाऱ्या एका मुलीचा फोन आला. ती अतिशय आपुलकीने बोलली, झोप लागते का, जेवण जाते का, हे विचारले आणि शेवटी आठ सत्रांचे ९,६०० रुपयांचे पॅकेज सुचवून ‘ही सवलत आज रात्री बारापर्यंतच आहे’ असे सांगितले. यूपीआयने पैसे भरताना त्याच पडद्यावर दरमहा आपोआप रक्कम कापण्याची परवानगीही घेतली गेली. ती ओळ फिकट करड्या अक्षरांत होती.

‘सीनियर सायकॉलॉजिस्ट’ म्हणून जे गृहस्थ भेटले, त्यांनी नेटवर्कचे कारण देऊन कॅमेरा बंद ठेवला आणि पन्नास मिनिटांचे सत्र निम्म्यावरच संपवले. पुढच्या वेळी दुसरीच व्यक्ती आली आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागले. नोंदणी क्रमांक विचारला, तर ‘आमच्या सर्व तज्ज्ञांची कंपनीने पडताळणी केलेली आहे’ एवढेच उत्तर मिळाले. नंतर त्याच व्यक्तीने गोळ्यांची सवय लागते असे सांगून त्या लगेच बंद करण्याचा आणि त्याऐवजी कंपनीचा महागडा ‘प्रगत कार्यक्रम’ घेण्याचा सल्ला दिला. मी आधी बेळगावच्या डॉक्टरांना फोन केला. ही गोळी एकदम थांबवली तर चक्कर येणे, अंगातून विजेचा झटका गेल्यासारखे वाटणे, झोप उडणे, चिडचिड होणे असा त्रास होऊ शकतो, म्हणून मात्रा हळूहळू आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच कमी करावी लागते, असे त्यांनी समजावले. जी व्यक्ती डॉक्टर नाही तिला औषध बंद करायला सांगण्याचा अधिकारच नाही.

मी नवा कार्यक्रम घेण्यास नकार दिल्यावर जे घडले त्याने मला सर्वांत जास्त दुखावले. आपत्कालीन संपर्क म्हणून दिलेल्या माझ्या पतींच्या क्रमांकावर विक्री विभागातून फोन गेला. ‘मॅडमची प्रकृती नाजूक आहे, उपचार सोडू देऊ नका’ असे म्हणत त्या माणसाने माझ्या वडिलांच्या आजारपणाविषयी मी सत्रात विश्वासाने सांगितलेली गोष्ट पतींना ऐकवली. जे मी घरातही कोणापाशी बोलले नव्हते, ते एका विक्रेत्याच्या तोंडी होते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. ही वृत्ती आपल्याकडेच आहे असेही नाही. अमेरिकेत बेटरहेल्प या मोठ्या ऑनलाइन समुपदेशन कंपनीने गोपनीयतेचे आश्वासन देऊनही ग्राहकांची माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅट अशा कंपन्यांना पुरवल्याचा ठपका तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने ठेवला आणि २०२३ मध्ये तिला ७८ लाख डॉलर भरावे लागले.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी आणि मनातले काहीही सांगण्यापूर्वी समोरच्या व्यक्तीचा नोंदणी क्रमांक मागा. मनोविकारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात, त्यामुळे त्यांची नोंदणी वैद्यकीय परिषदेकडे असते आणि टेलिमेडिसिनच्या नियमांनुसार ती चिठ्ठीवर व पावतीवर दाखवणे त्यांना बंधनकारक आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे औषधे न देता मानसशास्त्रीय उपचार करणारे प्रशिक्षित तज्ज्ञ, यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि तिची खातरजमा संकेतस्थळावर करता येते. समुपदेशकांचे तसे नाही. मानसशास्त्रात एम.ए. केलेले अनेक समुपदेशक उत्तम काम करतात, पण त्यांची अशी नोंदणी बहुधा नसते, तेव्हा पदवी कोणती, कोणत्या विद्यापीठाची आणि कोणाच्या मार्गदर्शनाखाली काम केले, हे विचारावे. प्रामाणिक माणूस या प्रश्नांनी दुखावत नाही. खासगी सेवा परवडत नसेल किंवा तिच्यावर भरवसा वाटत नसेल, तर १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते. मी तिथे बोलले. कोणीही मला काही विकले नाही.

यूपीआय ॲपमधील ऑटोपेच्या यादीत जाऊन मी ती परवानगी रद्द केली, तरी एका महिन्याची रक्कम त्याआधीच गेली होती. ‘सत्र सुरू झाल्यावर परतावा नाही’ या उत्तरापलीकडे कंपनीने काही केले नाही. खोटी घाई निर्माण करणे आणि ग्राहकाला वर्गणीच्या जाळ्यात अडकवणे हे दोन्ही प्रकार केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ च्या अधिसूचनेत मनाई केलेल्या तेरा फसव्या पद्धतींमध्ये मोडतात. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली आहे आणि आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे जात आहे. कंपनीचे कार्यालय कुठल्याही शहरात असले, तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते. सेवेसाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीचे शुल्क लागत नाही, मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते. जाहिरात, चाचणीचा निकाल, पैसे भरल्याच्या पावत्या आणि संदेश यांचे स्क्रीनशॉट ॲप काढून टाकण्यापूर्वीच जपून ठेवा, कारण खाते बंद झाल्यावर ते पुन्हा मिळतीलच असे नाही.