ई-ड्रमचे सात महिने : हात खूश, पायाचा खर्च वेगळा

हे पाचव्या महिन्यात लिहायला घेतलं होतं. तेव्हाच्या मसुद्यात नुसत्या शिव्या होत्या, म्हणून ठेवून दिला. आता राग बराच उतरलाय. हिशेब मात्र तोच आहे.

मी अकरा वर्षं पथकात ताशा वाजवला. मनगटं अजून शाबूत आहेत, गुडघ्यांना मिरवणूक झेपेना. म्हणून ड्रम. घर कोथरूडला, चौथ्या मजल्यावर, इमारत जुनी. खरा ड्रमसेट शंभर डेसिबलच्या पुढे सहज जातो आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५, रात्री ४५ ची मर्यादा आहे. (गणपतीत हे आकडे कुणाला आठवतात, हा विषय माझ्यासारखीने न काढलेला बरा.) तेव्हा इलेक्ट्रॉनिकच. ३४ हजारांचा घेतला: जाळीचे चार पॅड, रबरी सिंबल (म्हणजे झांजा), हाय-हॅटचा (पायाने उघडझाप होणाऱ्या झांजेचा) कंट्रोलर, किकचा (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा) छोटा टॉवर, त्यावर आपटणाऱ्या हातोडीचा, म्हणजे बीटरवाला पेडल आणि आवाज काढणारा डबा, म्हणजे मॉड्यूल. कंपनीचं नाव लिहीत नाही, पुढे भांडण आहे.

पहिले तीन आठवडे मी हवेत होते. १९९७ मध्ये रोलँड कंपनीने आपल्या व्ही-ड्रम्स या इलेक्ट्रॉनिक सेटला जाळीचे पॅड लावले तेव्हा ती चैनीची गोष्ट होती, आज माझ्या बजेटमध्ये बसते. काठी छान उसळते, आवाज पुठ्ठ्यावर बोट वाजवल्याइतका. रबरी सिंबल जास्त टकटकतात, पण दार लावलं की नवरा बाहेर मॅच बघू शकतो. हेडफोन तारेचेच घ्या. मॉड्यूलमधलं ब्लूटूथ बहुधा फोनवरचं गाणं आत आणण्यापुरतंच असतं, आणि ब्लूटूथ हेडफोनवर काठी आधी पडते, आवाज मागून येतो.

मग जिन्यात खालच्या आजी भेटल्या. "काय गं, रोज रात्री साडेनवाला काय कुटतेस? मसाला एवढा लागतो तुम्हाला?"

मी म्हटलं, "आजी, ड्रम आहे. हेडफोन लावते." त्या म्हणाल्या, "ड्रम-बिम काही ऐकू येत नाही. कुटणं ऐकू येतं. शोकेसमधले पेले वाजतात माझे."

घेण्याआधी मी महिनाभर चाळीसेक व्हिडिओ पाहिले होते. मॉड्यूलमध्ये आवाज किती, किट (आवाजांचे तयार संच) किती, हेच सगळे मोजत होते. पायाचं कुणी बोललं नाही. हाताचा आवाज हवेतून जातो, तो दारं-भिंती अडवतात. पायाचा धक्का मात्र बीटरमधून टॉवरमध्ये, टॉवरमधून फरशीत आणि फरशीतून स्लॅबमध्ये उतरतो, आणि आजींचं अख्खं छत स्पीकर होतं. हेडफोनमध्ये आपल्याला त्यातलं काही कळत नाही.

पुढचे दोन महिने मी ड्रम कमी आणि जमीन जास्त वाजवली. पद्धत अशी : आजींना फोन लावायचा, तो स्पीकरवर ठेवायचा, मी वीस वेळा किक मारायची आणि त्यांनी कुटण्याला दहापैकी मार्क द्यायचे, जितकं जास्त ऐकू येईल तितके जास्त. आजी निवृत्त शिक्षिका आहेत, मार्कांत हात आखडता नाही.

सतरंजीवर आठ. दोन योगा मॅट एकावर एक, तरी सात : "खलबत्त्यात फडकं घातलंस इतकंच." पातळ मॅट वरचा टकटकाट खाते, खालचा धप्प तिला जुमानत नाही. मग फुकटचा उपाय केला. सेट खोलीच्या मधोमध होता, तो कॉलमजवळच्या कोपऱ्यात सरकवला. स्लॅब मध्यभागी सगळ्यात जास्त हलतो, कडेला बीम त्याला धरून ठेवतात. साडेपाच! एक पैसा न घालता. दुसरं काही करणार नसाल तर एवढं तरी करा.

त्यानंतर टेनिस बॉलचा चौथरा. अठरा मिलिमीटरच्या प्लायची आठ बाय चारची शीट मधोमध कापून घेतली आणि खालच्या तुकड्यात सुताराकडून पाच सेंटिमीटरची भोकं पाडली. भोकांत बॉल, त्यावर दुसरा तुकडा नुसता ठेवायचा, खिळा-स्क्रू नाही. भिंतीलाही टेकू द्यायचा नाही, नाहीतर धक्का भिंतीतून उतरतो. बॉल कुठून आणले? सोसायटीतल्या पोरांचे गच्चीवर अडकलेले सतरा मिळाले, आठ विकत आणले. पंचवीस बॉलवर आजींचे चार मार्क. जास्त बॉल म्हणजे जास्त मऊ, असं मला वाटत होतं. उलटं निघालं. वजन तेवढंच आणि बॉल जास्त, तर एकही बॉल नीट दबत नाही आणि बैठक टणक राहते. नऊ काढून टाकले, तीन मार्क. म्हणजे ते आठ उगाच विकत आणले. चौथऱ्यामुळे सेट साडेतीन इंच वर गेला आणि स्टूल खाली राहिलं, ते वेगळं.

एवढं सगळं झाल्यावर पाचव्या महिन्यात स्नेअरचा (समोरच्या मुख्य ड्रमचा) पॅड गेला. मध्यभागी मारलं तर गप्प, कडेला मारलं तर बोलतो. सर्व्हिसवाल्यांनी बिल मागितलं, व्हिडिओ मागितला, मग दुसऱ्या बाजूने व्हिडिओ मागितला आणि शेवटी "मूळ खोक्यात पाठवा". खोका रद्दीवाल्याकडे गेला होता, त्याचे बावीस रुपये आले होते. दुसऱ्या खोक्यात चालेल का? नाही. मग कळलं की पॅड ही झिजणारी वस्तू, वॉरंटीत बसत नाही. हे आधी सांगितलं असतं तर मी खोक्यासाठी रद्दीवाल्याच्या मागे फिरले नसते. नवा पॅड ४,८०० ला.

तो मसुदा त्या रात्रीचा. दुसऱ्या दिवशी पॅड उघडला. आत काय, तर फोमचा एक शंकू आणि त्याखाली पिझोची (धक्क्याचा विजेचा सिग्नल करणारी) पितळी चकती. तापकीर गल्लीत तशी चकती वीस रुपयांना मिळाली, मी शहाणपणाने तीन घेतल्या. टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे नेलं तर तो म्हणाला, "ताई, चकती चांगली आहे, वायर सुटलीय." एक डाग दिला आणि तीस रुपये घेतले. तिन्ही चकत्या ड्रॉवरमध्ये पडून आहेत.

आता स्वतःबद्दलही सांगायला हवं. वायर सुटली त्यात माझ्या ताशाच्या हाताचा वाटा असणार. ड्रमच्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की हा पॅड ऐकतो, त्याच्यावर ओरडू नका. माझा स्नेअरवरचा फटका रॅकमधून (सगळं ज्यावर बसवलंय त्या सांगाड्यातून) जाऊन क्रॅश ही झांजसुद्धा वाजवायचा. मॉड्यूलमध्ये क्रॅशची सेन्सिटिव्हिटी उतरवली, तिचा थ्रेशोल्ड (किती जोराच्या खाली बोलायचंच नाही ती मर्यादा) चढवला, फटका आवरला, मग थांबलं. या बाबतीत कंपनीला दिलेल्या शिव्या परत घेते. खोक्याच्या नाही.

शेवटचा खर्च पेडलचा. टॉवरवर बीटर आपटावा न लागणारे पेडल येतात, रोलँडचा केटी-१०, यामाहाचा केयू१००. किकची वायर साधी जॅकची असल्याने दुसऱ्या कंपनीचाही बहुधा चालतो, तरी दुकानात आपल्या मॉड्यूलला लावून बघा. मी केटी-१० जुना घेतला, नऊ हजारांना. ३४ हजारांच्या सेटला नऊ हजारांचा पेडल, हे नवऱ्याला अजून पटलेलं नाही. चौथऱ्यावर ठेवून चाचणी घेतली. आजी बराच वेळ गप्प होत्या, मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाल्या, "मारतेयस का? एक. कान लावून बसलं तर."

आज घ्यायचा असता तर सेट २५ हजारांच्या आत बसवला असता, आवाज निम्मे चालले असते, आणि उरलेले पैसे सरळ पायाखाली घातले असते. दुकानात सुट्या पॅडची किंमत विचारली असती, सेट घेण्याआधी.

दोन तारे दिले होते, साडेतीन केलेत. मूळचा टॉवर आणि पेडल विकायचा आहे. काल एकाने विचारलं, मूळ खोका आहे का?